पेशवाई नागपुरात होती का? इतिहासातल्या नावांबद्दल आणि सनांबद्दल

प्रश्न असा आला आहे: "मी नागपुरात एमपीएससीची तयारी करते. इतिहासाचं पुस्तक उघडलं की शके, फसली, मध्ययुग, मराठेशाही, पेशवाई, सुभा, खालसा असे शब्द धडाधड अंगावर येतात. व्याख्या पाठ आहेत, पण प्रश्नपत्रिकेत गफलत होतेच. शतकंसुद्धा चुकतात. एका पुस्तकात 'पेशवेकालीन नागपूर' असं वाचलं, तर आजोबा म्हणाले, नागपुरात पेशवाई नव्हतीच. हे शब्द नेमके समजून कसे घ्यायचे?"

आजोबांचं म्हणणं बरोबर आहे, आणि पुस्तकही अगदीच चूक नाही. एक जण राज्याबद्दल बोलतोय, दुसरा काळाबद्दल.

पेशवा हे पद. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतही मोरोपंत पिंगळे पेशवे होते, पण म्हणून त्या काळाला कुणी पेशवाई म्हणत नाही. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, ते त्याच घराण्यात राहिलं, १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि राज्याची सूत्रं खऱ्या अर्थाने साताऱ्याहून पुण्याला आली. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली, तिथे पेशवाई संपली. आता नागपूर बघा. रघूजी भोसल्यांना 'सेनासाहेब सुभा' हे पद मिळालं ते छत्रपतींकडून, पेशव्यांकडून नव्हे. देवगडच्या (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं) गोंड घराण्यात वारसाहक्काचा तंटा झाला, राणीने रघूजींना मदतीला बोलावलं, आणि १७४३ पर्यंत नागपूरची सत्ता त्यांच्या हातात आली. गोंड राजा बुरहानशाह नावाला राजा राहिला. त्याच १७४३ मध्ये बंगालच्या चौथाईवरून रघूजी आणि नानासाहेब पेशवे यांची जुंपली, तेव्हा शाहू महाराजांना मध्ये पडून दोघांचे मुलूख वाटून द्यावे लागले. पुढे जानोजी भोसले निजामाला जाऊन मिळाले आणि १७६३ मध्ये पुणं जाळलं गेलं. माधवराव पेशव्यांच्या फौजेने नंतर नागपूरची तीच गत केली. १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजींना नमतं घ्यावं लागलं हे खरं, पण दोन दरबार एकमेकांची राजधानी जाळतात तेव्हा एक दुसऱ्याचा ताबेदार सुभा होता असं म्हणता येत नाही. तेव्हा 'पेशवेकालीन नागपूर' याचा अर्थ 'पुण्यात पेशवे असतानाचं नागपूर' एवढाच घ्या. 'पेशव्यांचं नागपूर' असा घेतलात तर पुढचे चार प्रश्न चुकतील. इथल्या काळाला भोसलेकाळ म्हणणं सरळ आणि बिनधोक. हे भोसले म्हणजे हिंगणीकर भोसले. सातारा-कोल्हापूरच्या छत्रपतींचं घराणं वेगळं, आडनावावरून दोन्ही एक करू नका.

हा शब्द इतका उलगडून सांगितला कारण बाकीच्या नावांनाही हीच चाचणी लावायची आहे. कालखंडाचं नाव दिसलं की तीन गोष्टी विचारा: ते कोणाच्या नजरेने ठेवलंय, कोणत्या मुलखापुरतं खरं आहे, आणि कोणत्या घटनेपासून कोणत्या घटनेपर्यंत चालतं. व्याख्या पाठ करून ही तिन्ही उत्तरं मिळत नाहीत, म्हणूनच गफलत होते.

'मराठेशाहीचा अंत १८१८' हे वाक्य सगळ्या गाइडांत आहे. पुण्यापुरतं ते बरोबर. नागपुरात २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली, आप्पासाहेब भोसले हरले, पुढे पदच्युत झाले, पण गादी बुडाली नाही. इंग्रजांनी तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवलं, रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, डोक्यावर ठेवला, आणि ते राज्य ११ डिसेंबर १८५३ ला रघूजी वारेपर्यंत चाललं. सातारा १८४८ पर्यंत होता. कोल्हापूर तर संस्थान म्हणून १९४९ पर्यंत टिकलं. म्हणजे १८१८ हे साल मराठी सत्तेचा कणा मोडल्याचं, प्रत्येक मराठी गादी संपल्याचं नव्हे. परीक्षेत 'नागपूरचं राज्य केव्हा संपलं' असं विचारलं आणि पर्यायांत १८१८ आणि १८५४ दोन्ही असले, की अर्धा वर्ग १८१८ वर खूण करतो. वर्गात हे वर्षानुवर्षं बघितलंय.

'खालसा' हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी भेटतो. महसुलाच्या कागदात खालसा म्हणजे ज्या गावाचा किंवा जमिनीचा वसूल कुणा जहागीरदाराकडे, इनामदाराकडे न जाता थेट सरकारी खजिन्यात जातो ते. इथूनच पुढे 'राज्य खालसा केलं' हा प्रयोग आला: मधला राजा काढला, वसूल थेट कंपनीकडे. डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं हेच केलं. रघूजींनी हयातीत दत्तक घेतला नव्हता, मागाहून राणीने घेतलेला दत्तक कंपनीने मानला नाही. राजवाड्यातले हत्ती-घोडे आणि जवाहीर लिलावात निघालं, ती सल नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांतून अजून ऐकू येते. तिसरा खालसा म्हणजे गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये स्थापन केलेला शिखांचा पंथ. कागदातला खालसा कोणता हे आजूबाजूच्या शब्दांवरून लगेच कळतं, त्याचा बाऊ करायचं कारण नाही. सापळा दुसराच आहे. सातारा, झाशी, नागपूर ही राज्यं दत्तक नामंजूर करून घेतली. अवध मात्र १८५६ मध्ये 'गैरकारभार' हे कारण दाखवून घेतलं. चारही 'खालसा' झाली, पण निमित्त वेगळं. 'खालील राज्यांपैकी कोणतं...' छापाचा प्रश्न याच फटीत बसतो.

आता शतकं. इथे घोळ होण्याचं कारण एकच: आकडा आणि क्रमांक यांत एकाचा फरक पडतो. १७०१ ते १८०० हे अठरावं शतक. गोंड राजा बख्त बुलंदने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, म्हणजे अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. पण '१७' पाहून हात सतराव्याकडे जातो. काटेकोर बोलायचं तर १७०० हे साल सतराव्या शतकाचं शेवटचं, अठराव्याचं पहिलं नव्हे, कारण पहिलं शतक सन १ पासून मोजलंय. आपल्या नागपूरला झीरो माइल आहे, पण इसवी सनाला झीरो वर्ष नाही. इ.स.पू. १ संपलं की लगेच इ.स. १. म्हणून इ.स.पू. ५ पासून इ.स. ५ पर्यंत दहा नाही, नऊ वर्षं होतात. वाकाटक-सातवाहनांच्या हिशेबात हे एक वर्ष नेहमी निसटतं.

इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी चालतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याचा परिणाम लक्षात राहत नाही. इ.स.पू. तिसरं शतक म्हणजे ३०० ते २०१. त्याचा पूर्वार्ध ३०० ते २५१, म्हणजे मोठे आकडे आधी. अशोक याच शतकातला. चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक इथे एक शिळा सापडली, तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख अशोकाच्या काळच्या ब्राह्मीत, प्राण्यांना पकडू-मारू नये अशी आज्ञा देणारा. दुसरा वाकाटक रुद्रसेनाचा. एकच दगड, पण एक लेख इ.स.पू. तिसऱ्या शतकातला आणि दुसरा इसवी सनाच्या चौथ्यातला. मध्ये साधारण सहाशे वर्षं. नुसतं 'तिसरं' आणि 'चौथं' वाचलंत आणि 'पू.' डोळ्यांआड गेलं, तर ही सहाशे वर्षं शंभरावर येतात.

शकांकडे वळू, कारण माझं निम्मं काम तिथलंच. मी मोडी कागद वाचतो, आणि कागदाची पहिली ओळ सुटली नाही तर पुढचं सगळं अधांतरी राहतं.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवतात. ते वर्षाच्या मोठ्या भागाला लागू आहे, सगळ्या वर्षाला नाही. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, इसवीचं जानेवारीत. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शिवाजी महाराजांची जन्मतिथी घ्या: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. डोळे मिटून ७८ मिळवले तर १६२९ येतं. पण महिना फाल्गुन आहे, म्हणजे इसवीचं नवं साल लागून गेलंय. ७९ मिळवा: १६३०. हीच १९ फेब्रुवारी १६३०. आता राज्याभिषेक: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ज्येष्ठ म्हणजे शकाच्या वर्षातला तिसरा महिना, डिसेंबराच्या कितीतरी आधीचा, तेव्हा ७८: १६७४. पौष महिना डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर बसतो, तिथे तिथी बघितल्याशिवाय बेरीज करू नका.

यातच आणखी एक मेख आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. युरोपातल्या कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका घेतली, इंग्लंडने १७५२ मध्ये. आपल्या इतिहासकारांनी शिवकालाच्या तारखा जुन्या इंग्रजी पद्धतीने मांडल्या, म्हणून १९ फेब्रुवारी. आजच्या दिनदर्शिकेच्या हिशेबाने तोच दिवस १ मार्च १६३० ला येतो. परीक्षेत १९ फेब्रुवारीच लिहायची, राज्य सरकारने मान्य केलेलीही तीच. पण पोर्तुगीज कागद आणि इंग्रज वखारीचं पत्र यांत एकाच घटनेला दहा दिवसांचा फरक दिसला तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका. पानिपतची १४ जानेवारी १७६१ मात्र नव्या दिनदर्शिकेतली, तोवर इंग्रजांनीही बदल केला होता.

शकाचा आकडा बरोबर वाचला का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. जुन्या कागदांत शकाबरोबर संवत्सराचं नाव असतं: शुक्लनाम, आनंदनाम, विक्रमनाम. ही साठ नावं फिरत राहतात. शकात १२ मिळवा, साठने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव हा पहिला. १५९६ मध्ये १२ मिळवले, १६०८. साठने भागून बाकी ४८. अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला. १५५१ ला बाकी ३ येते, तिसरा शुक्ल. कागद फाटलाय, शेवटचा आकडा १ आहे की ७ कळत नाही, अशा वेळी संवत्सर साक्षीला उभा राहतो. फक्त नर्मदेच्या उत्तरेकडे संवत्सर वेगळ्या पद्धतीने मोजतात, तिकडच्या कागदाला हे गणित लावू नका.

मराठी दप्तरांत याहून जास्त भेटतो तो शुहूर सन, ज्याला अरबी सन किंवा मृगसालही म्हणतात. मृग नक्षत्राला हा सन बदलतो, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. शेतसाऱ्याला याहून सोयीचा दिवस कोणता! तो अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहीत, आणि एकक आधी, मग दशक, मग शेकडा, मग हजार. पानिपतच्या दिवसांतल्या कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असेल. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. जानेवारी ते मे अखेर ६०० मिळवायचे, मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९. जानेवारीची लढाई, म्हणून ११६१ अधिक ६००: १७६१. एककांची नावं पाठ करा: इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर. पुढे अशरीन, सलासीन, आर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मयातैन म्हणजे दोनशे. एमपीएससीला हे विचारणार नाहीत, पण एकदा जमलं की अठराव्या शतकातली पत्रं परकी वाटत नाहीत.

फसली सनाने, म्हणजे महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या सनाने, मात्र भल्याभल्यांना फसवलंय. घरातल्या पेटीत 'सन १२४०' असा कागद निघतो आणि मंडळी हातात घेऊन येतात, सर, आमचं घराणं यादवांच्या काळापासून इथे आहे. इसवी १२४० म्हणजे देवगिरीच्या सिंघणाचं राज्य, आणि हातात असतो साधा महसुलाचा कागद! तो १२४० फसली असतो. दक्षिणेकडच्या फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे १८३०-३१. उत्तरेकडचा फसली आश्विनात सुरू होतो आणि त्याला ५९२-९३ मिळवावे लागतात. नागपूर प्रांताचा कागद दोन्हीकडच्या कारकुनांच्या हातून गेलेला असू शकतो. म्हणून त्याच बाडात शके किंवा इसवी दिलेली एखादी नोंद शोधायची आणि तिच्यावर ताळा करायचा. हिजरी सनाला तर बेरजेची युक्तीच नाही. ते चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. पत्रात 'छ' लिहून पुढे आकडा आणि 'रजब' किंवा 'सवाल' दिसलं तर तो चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख. सरळ जंत्री, म्हणजे तारखा जुळवून देणारी कोष्टकं, उघडायची.

आणि कधीकधी सनच नसतो. आपल्या भागातले वाकाटकांचे ताम्रपट 'राज्यवर्ष अमुक' एवढंच सांगतात, म्हणजे राजा गादीवर बसल्यापासून कितवं साल. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, म्हणून तिच्या आधाराने वाकाटकांचा काळ गुप्तांशी जोडता येतो. वाशिमजवळच्या हिस्सेबोराळ्याचा देवसेनाचा लेख हा मोठा अपवाद: त्यात शक ३८० दिलाय, म्हणजे इ.स. ४५८. वाकाटकांच्या सगळ्या सालांपुढे 'सुमारे' का लावतात ते यावरून कळेल. 'सुमारे' हा शब्द विद्यार्थी उत्तरातून गाळतात. गाळू नका, तो माहितीचाच भाग आहे.

प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन या वाटणीबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण अभ्यासक्रम तीवरच उभा आहे तेव्हा तिची जात ओळखून ठेवा. 'मध्ययुग' ही युरोपची कल्पना. रोमचं साम्राज्य आणि युरोपातलं विद्या-कलांचं पुनरुज्जीवन यांच्या मधला काळ तो मध्य. भारताच्या इतिहासाचे 'हिंदू, मुसलमान, ब्रिटिश' असे भाग पाडणारा जेम्स मिल. भारतात कधी पाऊल न टाकता त्याने ब्रिटिश भारताचा इतिहास लिहिला, तो १८१७ चा, म्हणजे सीताबर्डीच्या लढाईच्याच सालचा. पुढे धर्माची नावं काढून प्राचीन-मध्य-अर्वाचीन ही नावं चिकटवली, सांधे बरेचसे तेच राहिले. आता हे माप विदर्भाला लावून बघा. देवगडचा गोंड राजा औरंगजेबाच्या दरबारात जातो, इस्लाम स्वीकारतो, बख्त बुलंद हे नाव घेतो, परत येऊन नागपूर वसवतो. त्याच्या मुलाने, चाँद सुलतानने, इथे राजधानी आणली, जुम्मा तलाव बांधला, आज ज्याला आपण गांधीसागर म्हणतो. हा कालखंड हिंदू, मुसलमान की आदिवासी? कोणत्याही एका खणात तो बसत नाही. म्हणून मी 'गोंडकाळ' म्हणतो, आणि त्यातही चांद्याचे गोंड, देवगडचे गोंड, गढा-मंडल्याचे गोंड वेगळे धरतो.

लेखी पुरावा नसलेल्या काळाला प्रागितिहास म्हणतात. लेखन कुठेतरी सुरू झालंय पण वाचता येत नाही, किंवा इतरांच्या लेखनातून अंधूक माहिती मिळते, त्या सांध्याला आद्य इतिहास. काटोल रोडने जुनापाणीला जाऊन या. तिथे शिळावर्तुळं आहेत, जवळजवळ तीनशे. मोठाल्या दगडांची रिंगणं आणि आत पुरलेल्या माणसांसोबतच्या वस्तू: लोखंडी हत्यारं, भांडी, मणी. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच तिथे उकरून पाहिलं होतं. माहुरझरीच्या वर्तुळांत तर घोडेही पुरलेले सापडले, आणि नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. हे सगळं इ.स.पू. पहिल्या सहस्रकातलं. पुस्तकात याला 'महापाषाण संस्कृती' म्हणतात आणि विद्यार्थी ते पाषाणयुगात नेऊन टाकतात! 'पाषाण' इथे थडग्याच्या दगडांमुळे आलाय, हत्यारांमुळे नाही. हे लोक लोखंड वापरणारे, म्हणजे लोहयुगातले. आणि ही युगं म्हणजे काही देशभर एकदम वाजलेली घंटा नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात इनामगावला तांबं आणि दगड दोन्ही वापरणारी ताम्रपाषाण वस्ती होती, तिची वंशावळ वेगळी, काळही बराचसा आधीचा. 'युग' शब्दाआधी नेहमी 'कुठलं' हे लावून वाचा.

मुलखांच्या नावांत नागपूरकरांनी तरी चुकू नये, पण चुकतात. वऱ्हाड म्हणजे वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख: अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशिम. नागपूर वऱ्हाडात नाही. गंमत अशी की कंपनीच्या कागदांत नागपूरच्या भोसल्यांना 'बेरारचा राजा' म्हटलंय, कारण १८०३ पर्यंत वऱ्हाडच्या वसुलात त्यांचा मोठा वाटा होता. त्या वर्षी अडगावला आणि गाविलगडला हार झाली, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला, वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख आणि ओरिसातलं कटक गेलं. पुढे वऱ्हाड निजामाकडे, आणि मे १८५३ मध्ये कर्जापोटी निजामाने ते इंग्रजांकडे सोपवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले. साल एक, प्रकरणं दोन, करणारे वेगळे. नागपूर प्रांत १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला, वऱ्हाड १९०३ मध्ये त्याला कारभारापुरतं जोडलं, तेव्हा 'सीपी अँड बेरार' झालं. नाव दोन तुकड्यांचं का, ते इथे. १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

याच दोन तुकड्यांमुळे महसुलाचे शब्दही नदी ओलांडली की बदलतात. नागपूरकडे मालगुजार, म्हणजे गावाचा वसूल भरणारा गावमालक; वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट वसूल, आणि खातेदार. मालगुजारी ही भोसल्यांची पद्धत असं सर्रास लिहितात. भोसल्यांच्या काळात पाटील गावाच्या वसुलाला जबाबदार होता, पण गावाचा मालक नव्हता. मालकी हक्क इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात दिले. १९५० च्या कायद्याने ते काढून घेतले आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. म्हणजे शब्द भोसलेकाळापासून चालत आलेला, त्यातला मालक मात्र ब्रिटिश.

'सुभा' मुघलांकडे मोठा प्रांत, मराठ्यांकडे त्याहून बराच लहान मुलूख, आणि इंग्रजी पलटणीत सुभेदार हा नुसता हुद्दा. मुघल कागदात 'सरकार' म्हणजे सुभ्याच्या पोटातला जिल्हा, शासन नव्हे. शिलेदार स्वतःचं घोडं-हत्यार घेऊन येई, बारगिराला ते सरकारातून मिळे. रघूजींच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या, तिथे या बारगिरांचे 'बर्गी' झाले आणि आया त्यांच्या नावाने पोरांना झोपवू लागल्या. इथे पराक्रम, तिथे बागुलबुवा. '१८५७ चं बंड' आणि '१८५७ चा स्वातंत्र्यलढा' यांतही साल तेच, बोलणारा वेगळा. उत्तरात तुम्ही 'उठाव' लिहा, अंगावर येत नाही. 'सुवर्णयुग' आणि 'अंधारयुग' ही तर शाबासकी आणि शिवी आहेत, कालखंडाची नावं म्हणून ती वापरूच नका.

अभ्यासाचं सांगायचं तर व्याख्यांची वही बाजूला ठेवा. एका मोठ्या कागदावर १७०० ते १९६० अशी आडवी रेघ मारा, तिच्याखाली पुणे, नागपूर, वऱ्हाड आणि सातारा अशा चार पट्ट्या. प्रत्येक पट्टीत सत्ता कधी बदलली एवढंच भरा. १८१८ ला फक्त पुण्याच्या पट्टीत रेघ ओढली जाईल, १८५३ ला वऱ्हाडच्या, १८५४ ला नागपूरच्या. आणि नावापुढच्या कंसातली सालं लिहिताना ती हयातीची की कारकिर्दीची ते अक्षराने नोंदवा. 'जानोजी (१७५५-७२)' ही कारकीर्द आहे. ती आयुष्य म्हणून वाचलीत तर १७६३ मध्ये पुण्यावर चालून गेलेला माणूस आठ वर्षांचा ठरतो.